छोटं कॅबिनेट, ४८ मिमी जागा: बुटका प्रोसेसर-कूलर कोणता घ्यावा?

झेरॉक्सवाला_पोरगा · १२ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

राजारामपुरीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय आठचा गाळा. त्यात दोन झेरॉक्स मशिनं, लॅमिनेशन, बाबांची खुर्ची आणि बाबांचे मित्र. जुनं टॉवर कॅबिनेट कायम कुणाच्या तरी पायात यायचं आणि भरत आलेल्या फॉर्मावर पीसी बंद पडायचा. म्हणून या वेळी हट्टानं मिनी आयटीएक्स, म्हणजे अगदी छोट्या बोर्डाचा पीसी जोडला. काउंटरखालच्या कप्प्यात, स्टेपलरच्या डब्याशेजारी बसतो. बी५५०चा मदरबोर्ड, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसा पीडीएफ, पासपोर्ट फोटो, सातबारा. रात्री शटर अर्धं ओढून तासभर गेम.

घोळ असा झालाय की प्रोसेसरच्या खोक्यात आलेला रेथ स्टेल्थ कूलर ५४ मिमी उंच आणि कॅबिनेटमध्ये कूलरला जागा ४८ मिमी. हे दोन्ही आकडे मी सगळं विकत घेऊन झाल्यावर वाचले. हसा. सध्या साईड पॅनल काढून ठेवलंय आणि कूलर बाहेर डोकावतोय. परवा रात्री फॅन टर्रर्र करायला लागला म्हणून वाकून बघितलं, तर आत पालीची शेपटी. वळवळत होती. पाल बेपत्ता. आईनं दुकानात यायचं बंद केलंय.

डोळ्यासमोर तीन कूलर आहेत. नॉक्टुआ एनएच-एल९ए, उंची ३७ मिमी. थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७, नावातच उंची. आयडी-कूलिंग आयएस-४०एक्स, ४५ मिमी. इथल्या एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काय घ्यायची गरज न्हाई, पत्र्याला भोक पाड की."

१० मिमीनं खरंच फरक पडतो का? दुकानात एसी नाही आणि मे महिना आहे, हे धरून सांगा.

करवीरकर · १२ मे, रात्री १०:४४

पहिला! आता वाचतो.

गूळपोळी · १२ मे, रात्री १०:५८

पालीचं पुढं काय झालं? महत्त्वाचं सोडून मिलिमीटर काय सांगत बसलायस.

पंख्याखाली · १२ मे, रात्री ११:३०

फरक पडतो, पण ते १० मिमी नेमके कुठं वाढलेत ते बघा. दोन्हींचा फॅन ९२ मिमीचाच आणि जवळपास सारखाच पातळ. नॉक्टुआचा १४ मिमी जाड, थर्मलराइटचा १५. म्हणजे एल९एमध्ये धातूच्या वाट्याला २३ मिमी आले आणि एक्स४७मध्ये ३२. त्यातून तळाची प्लेट आणि हीटपाइपची (उष्णता वाहणाऱ्या नळ्यांची) वळणं वजा करा, मग फिनना, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांना, उरतं काय ते कळेल. एल९एला हीटपाइप दोन, एक्स४७ला चार. त्यामुळे आवाज आणि वॅट सारखे धरले तर एक्स४७ पुढं राहणार, यात वाद नाही.

दुसरं, खोक्यावरच्या ६५ वॅटवर जाऊ नका. एएम४च्या (तुमच्या बोर्डाचं सॉकेट) ६५ वॅटवाल्या प्रोसेसरना सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढायची मुभा असते. तुमचं ग्राफिक्सही त्याच चिपमध्ये आहे, त्यामुळे गेम खेळताना त्या ८८ मध्येच दोघांची वाटणी. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ४५ वॅटची मर्यादा लावता येते, मग तोच आकडा ६०च्या आसपास येतो. २५-२८ वॅट कमी म्हणजे या आकाराच्या कूलरसाठी जीवदान. पासपोर्ट फोटोला फरक कळायचा नाही. गेमला थोडा कळेल.

माझं मत: आधी मर्यादा लावा, कूलर नंतर निवडा. बहुतेक लोक उलटं करतात.

५६००जीची कमाल मर्यादा ९५ अंश. तिथं पोचला की तो आपणहून वेग उतरवतो. जळून जात नाही.

तिखटजाळ · १२ मे, रात्री ११:३४

जळत न्हाई म्हंजे? कोल्हापूरचा पीसी हाय भावा, जाळ अन् धूर संगटच पायजे.

निवृत्त_पण_चालू · १३ मे, सकाळी ६:१५

एवढा खटाटोप कशाला? लॅपटॉप घ्यावा. त्यातच कूलर, त्यातच बॅटरी. वीज गेली तरी फॉर्म सबमिट होतो. आमच्या वेळी अख्ख्या ऑफिसला एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्या खोलीला एसी होता. माणसांना नव्हता.

झेरॉक्सवाला_पोरगा · १३ मे, सकाळी ९:०५

काका, लॅपटॉप होता. काउंटरवर गिऱ्हाईक चहा ठेवतं. पुढचं तुम्हाला कळलं असेल.

@गूळपोळी, पाल अजून फरार आहे.

@पंख्याखाली, मर्यादेचं माहीतच नव्हतं. आज बायोसमध्ये शोधतो.

पाव्हणा_म्युनिकचा · १३ मे, दुपारी १:२०

मी इथं म्युनिकमध्ये एल९ए वापरतो, ६५ वॅटच्याच प्रोसेसरवर. फुल लोडला ७२-७३ अंशांच्या वर गेलेला बघितला नाही. आवाज नगण्य. डोळे झाकून एल९ए घ्या, विचारच करू नका.

पंख्याखाली · १३ मे, दुपारी १:५०

@पाव्हणा_म्युनिकचा, तुमच्या खोलीत किती असतं? २१-२२?

कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त हवेच्या वर किती अंश ठेवतो, एवढंच त्याचं कर्तृत्व. तुमचे ७२ म्हणजे खोलीपेक्षा ५० अंश वर. तोच कूलर, तोच प्रोसेसर राजारामपुरीतल्या ३८ अंशांच्या गाळ्यात ठेवला की सरळ ८८. काउंटरखालच्या बंद कप्प्यात आणखी दोन-चार. यूट्यूबवरच्या चाचण्याही बहुतेक एसीतल्या असतात. आकडा बघताना आपल्याकडं मनातल्या मनात पंधरा मिळवायचे.

पाव्हणा_म्युनिकचा · १३ मे, दुपारी २:१०

बरोबर आहे, हे डोक्यात आलं नाही. इथं आत्ता १४ आहे, खिडकी उघडी.

तिखटजाळ · १३ मे, दुपारी २:१२

१४ म्हणं. जळवू नका ओ पाव्हणं, इथं बनियनवर बसलोय.

रुईचा_कण · १३ मे, दुपारी ४:००

इचलकरंजीहून लिहितोय. मागं लूमचा कारखाना, पुढं ऑफिस. तापमान, वॅट सगळं बरोबर, पण आमच्याकडं कूलर कशानं मरतो सांगू? कापसाच्या तुसानं.

माझ्याकडं असाच एक बुटका कूलर होता, फिन इतक्या जवळ की मधून पोस्टकार्डही जाईना. तीन महिन्यांत पीसी हळू चालायला लागला. उघडलं तर फॅन स्वच्छ, मला वाटलं दुसरंच काहीतरी. फॅनचे चार स्क्रू काढले आणि खाली बघतोय तर फिनवर पांढरा थर. नखानं एक कडा उचलली तर अख्खाच्या अख्खा निघून आला, चौकोनी, बनियनच्या कापडासारखा. वरून खाली हवा मारणाऱ्या कूलरचं हेच होतं. फॅन आणि फिनच्या मधल्या फटीत थर बसतो, जाळीतून बघून काही दिसत नाही.

तुमच्याकडं कागदाची धूळ आणि टोनर. कूलर कुठलाही घ्या, पण फॅन वरून चार स्क्रूत सुटेल असा घ्या.

उद्यमनगरी · १३ मे, संध्याकाळी ७:४५

रुई परवडली म्हणायची वेळ येईल. आमच्याकडं लोखंडाचा कीस उडतो. फॅनच्या मोटरमध्ये चुंबक असतंय, कीस बरोबर तिथंच जाऊन बसतो, मिश्या आल्यासारखा. आणि तो वीज वाहतो, रुईसारखा गरीब नाही. माझा एक बोर्ड असाच गेला. तेव्हापासून ऑफिस वरच्या मजल्यावर.

@झेरॉक्सवाला_पोरगा, भोक पाडू नकोस. पॅनल चार स्क्रूवर असेल तर मी ५ मिमीचे पितळी स्पेसर फिरवून देतो, लांब स्क्रू टाक, पॅनल ५ मिमी बाहेर येईल. मग एक्स४७ आरामात. लेथवर दहा मिनिटांचं काम, पैसे नकोत.

गूळपोळी · १३ मे, संध्याकाळी ७:५२

आणि त्या ५ मिमीच्या फटीतून पाल पुन्हा आत. आता विदाउट शेपटी, म्हणजे आणखी सडपातळ.

उद्यमनगरी · १३ मे, संध्याकाळी ७:५५

गूळपोळी, तुमचा पालीत जीव अडकलाय.

करवीरकर · १३ मे, रात्री ८:३०

सगळं वाचलं. नॉक्टुआच्या त्या फॅनच्या रंगाबद्दल कुणीच बोललं नाही? तपकिरी अन् पिवळट. मला तर गुळाची ढेप आणि वर काकवी सांडल्यासारखं दिसतं. ऑस्ट्रियाची कंपनी, पण रंग आपल्या शाहू मार्केट यार्डातला.

सदर_बझार_एक्सप्रेस · १३ मे, रात्री ८:४१

शिवाय बोधचिन्ह घुबडाचं. नॉक्टुआ म्हणजेच छोटं घुबड. बाबांना सांगू नका, दुकानात ठेवू देणार नाहीत.

निवृत्त_पण_चालू · १३ मे, रात्री ८:५०

घुबड लक्ष्मीचं वाहन आहे. अपशकुन कसला.

सदर_बझार_एक्सप्रेस · १३ मे, रात्री ८:५२

काका, कोल्हापुरात बसून लक्ष्मीचं वाहन कोणतं हा विषय काढू नका. तीनशे प्रतिसाद होतील आणि कूलर राहील बाजूला.

आवाज_बंद · १३ मे, रात्री ९:३०

मला आवाजाबद्दल बोलायचंय. उंची कमी म्हणजे फॅन छोटा, फॅन छोटा म्हणजे फेरे जास्त. एल९एचा फॅन मिनिटाला २५०० फेऱ्यांपर्यंत जातो. खोक्यात एक छोटी वायर येते, ती मधे जोडली की १८००वर थांबतो. शांत होतो, पण मग उन्हाळ्यात गार कोण करणार? मी घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, मला १८००लाही ऐकू येतो. तो घूं आवाज एका सुरात असेल तर चालतं, पण सारखा वर-खाली होत राहिला की डोकं उठतं. बायोसमध्ये फॅनचा आलेख सपाट करा, तापमान पाच-सहा सेकंद वर राहिल्याशिवाय वेग वाढू नये अशी सोय असेल तर ती चालू करा.

तिखटजाळ · १३ मे, रात्री ९:३३

ताई, त्याच्या दुकानात दोन झेरॉक्स मशिनं आहेत, बाहेर फोडलेल्या सायलेन्सरच्या बुलेटी आहेत आणि गणपतीत दारात डॉल्बी. २५०० काय नि ५००० काय.

आवाज_बंद · १३ मे, रात्री ९:४०

खरंय. मी माझंच दुःख सांगून गेले.

पिन_वाकडी · १३ मे, रात्री १०:१५

धागाकर्त्या, कुठलाही कूलर घे, पण आधी जुना काढताना माझं ऐक. तुझा एएम४ आहे. पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्याला फक्त बाजूनं आवळून धरतं, वरून धरणारं काही नसतं. मी थंड पीसीवरचा स्टेल्थ चारही स्क्रू काढून सरळ वर ओढला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट वाळून डिंक झाली होती. कूलर आला, त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही आला, खटका लावलेला असताना. कडेच्या सात पिना मुडपल्या. रात्री दोन वाजता टेबललॅम्पखाली, बायकोचं भिंग घेऊन, जुन्या खटक्याच्या पेन्सिलीची, शिसं सरकतं ती पोकळ नळी असते ना, ती एकेका पिनेवर चढवून सरळ करत होतो. श्वास धरून. सहा सरळ झाल्या. सातवी पडली.

म्हणून: आधी पीसी अर्धा तास जोरात चालवायचा, पेस्ट गरम होऊ दे. बंद कर, वायर काढ, स्क्रू काढ, आणि कूलर वर न ओढता डावीकडं-उजवीकडं बरणीच्या झाकणासारखा पिळ. सुटल्यासारखा वाटला की मग उचल.

करवीरकर · १३ मे, रात्री १०:२०

सातवी पडल्यावर?

पिन_वाकडी · १३ मे, रात्री १०:२१

नवीन प्रोसेसर. आणि हे सदस्यनाम.

बारा_चारशे · १४ मे, सकाळी ८:१०

एएम४ जुना झाला, इंटेल आय५-१२४०० घ्यायचा होता. पण मीही तोंडावर पडलोय. घरात आधीच्या पीसीचा छान बुटका कूलर होता, म्हटलं तोच लावू. १२४००च्या एलजीए १७०० सॉकेटची भोकं ७८ मिमीवर, आधीच्या ११५१, १२०० सॉकेटची ७५वर. तीन मिमी! कूलर हातात, बोर्ड समोर, आणि स्क्रू भोकाशेजारी उभा. वेगळा ब्रॅकेट मागवेपर्यंत चार दिवस गेले.

दाढदुखी · १४ मे, दुपारी १२:३०

मी दंतवैद्य आहे. क्लिनिकमध्ये एक्स-रे बघायला असाच छोटा पीसी आहे म्हणून धागा वाचत होते. एक प्रश्न पडला: ४८ मिमी हा आकडा कॅबिनेटवाल्यानं लिहिलाय, तुम्ही मोजलाय का? आमच्याकडं कुणी म्हणालं "दाढेत फट आहे" तर आम्ही विश्वास ठेवत नाही, माप घेतो. बंद तोंडात पट्टी जात नाही, तशी तुमच्या बंद कॅबिनेटमध्येही जाणार नाही. मग साचा घ्या.

पीसी बंद करून वायर काढा. कूलर काढून प्रोसेसर पुसून घ्या, त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक पसरा. घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, ६० मिमी तरी उंच. पॅनल व्यवस्थित बसवून चारही स्क्रू आवळा. पुन्हा उघडा. गोळा जेवढा दबला तेवढी तुमची खरी जागा. ओल्या सुरीनं मधोमध कापून व्हर्नियरनं मोजा. आम्ही अल्जिनेट वापरतो, तुम्हाला कणीक पुरे.

उद्यमनगरी · १४ मे, दुपारी १२:४१

एक नंबर! वीस वर्षं व्हर्नियर हातात आहे, हे सुचलं नव्हतं. फक्त कणीक जरा परत फुगते. शाडू घ्या.

करवीरकर · १४ मे, दुपारी १२:४५

बापट कॅम्पात मूर्तींची कामं चालू असतील, मूठभर माती कुणीही देईल. म्हणावं, गणपती बाप्पा प्रोसेसर.

पंख्याखाली · १४ मे, दुपारी १:३०

दाढदुखी, साष्टांग. यात एकच भर: पत्र्यापर्यंत पूर्ण जागा वापरायची नाही. ९२ मिमीचा फॅन जाळीला चिकटला की त्याला हवा नीट मिळत नाही आणि भोकांवरून पाती जाताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो. दोन-तीन मिमी तरी सोडा.

उलट जागा जास्त उरली तर वेगळीच गंमत. फॅन खाली फेकलेली गरम हवा बाजूनं वर येते आणि तोच ती पुन्हा ओढतो. त्यावर उपाय म्हणजे फॅन आणि जाळी यांच्या मधे फोमची चौकट. ताजी हवा बाहेरूनच येणार. चपलांचं सामान मिळतं तिथं ईव्हीए शीट मिळते, कात्रीनं कापता येते. कोल्हापुरात चपलेच्या सामानाला तोटा नसावा.

तिखटजाळ · १४ मे, दुपारी १:३४

प्रोसेसरला कोल्हापुरी चप्पल. विषय हार्ड.

मिसळ_बिनपाव · १४ मे, दुपारी २:००

कणकेवरून आठवलं, राजारामपुरीत सध्या मिसळ कुठं चांगली मिळते? मागच्या वेळी आलो तेव्हा एका ठिकाणी कटात टोमॅटोची प्युरी लागली.

करवीरकर · १४ मे, दुपारी २:०३

पुण्याहून आला होतात ना? त्यांनी ओळखलं असणार.

(इथले मिसळीचे एकवीस प्रतिसाद संपादक मंडळानं वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

झेरॉक्सवाला_पोरगा · १४ मे, रात्री ११:१५

साचा घेतला! शाडूला वेळ नव्हता, आईकडून कणीक आणली. "कशाला?" "कॉम्प्युटरला." तिनं पुढं काहीच विचारलं नाही, पालीनंतर तिची तयारी आहे सगळ्याची.

कूलर काढताना पिन_वाकडी यांचं ऐकलं. अर्धा तास गेम, मग पिळून काढला. सुटताना चप्प असा आवाज आला, काळजात धस्स झालं, पण प्रोसेसर जागेवर.

माप: ४६.६ मिमी.

४८ कुठं गेले ते पण सापडलं. पॅनलला आतून धुळीची चुंबकी जाळी चिकटवलेली आहे, तिची पट्टी सव्वा मिमी जाड. उरलेलं पत्र्याच्या पोकात. म्हणजे एक्स४७ घेतला असता तर पॅनल लागलंच नसतं. ती जाळी काढली तर कसाबसा बसेल, पण कागदाच्या धुळीत जाळी काढायची नाही. आयएस-४०एक्स बसतो, पण वर दीड मिमी राहतो. उद्यमनगरी दादा, स्पेसरचं मनापासून आभार, पण आईनं फटीला नकार दिलाय.

म्हणजे एल९ए. बाबा किंमत ऐकून म्हणाले, "एवढ्यात छताचा पंखा येतो."

रुईचा_कण · १४ मे, रात्री ११:३०

बाबांचं गणित चुकीचं नाही.

बावड्याचा_भिडू · १५ मे, सकाळी ७:५०

थांब भावा. माझ्याकडं एएक्सपी९०-एक्स३६ पडून आहे, ३६ मिमी. धातू पातळ, पण हीटपाइप चार. मी तो डेस्कमिनी एक्स३०० या छोट्या पीसीत लावला होता, त्यात कूलरला ४६ मिमीच जागा असते. तो पीसी विकताना मूळ कूलर दिला, हा ठेवून घेतला. एएम४चे स्क्रू, मागची पट्टी सगळं आहे, पुडीत. पेस्ट तुझी.

आज रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर ये. दोन ग्लास दूध पाज आणि पोरीच्या प्रोजेक्टची पन्नास पानं झेरॉक्स काढून दे, झाला व्यवहार.

पंख्याखाली · १५ मे, सकाळी ८:२०

घेऊन टाका. फार मोठ्या अपेक्षा मात्र ठेवू नका. ४५ वॅटची मर्यादा आणि फोमची चौकट यांच्यासकट तो चालेल. ८८ वॅट मोकळे सोडलेत तर मे महिन्यात बोंबलेल. आणि बोर्ड बाहेर काढूनच बसवा, अरुंद कॅबिनेटमध्ये हात घालून नाही. पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

सदर_बझार_एक्सप्रेस · १५ मे, सकाळी ८:२५

काबुली की देशी?

पंख्याखाली · १५ मे, सकाळी ८:२६

देशी.

झेरॉक्सवाला_पोरगा · १९ मे, रात्री १०:०५

वृत्तांत देतो. व्यवहार दुधावर झाला, वर त्यांनीच मला एक ग्लास पाजला.

कूलर बसला. वर दहा मिमी उरले. चपलेच्या सामानाच्या दुकानातून ईव्हीए शीट आणली, काळी होती म्हणून बरं दिसतंय. चौकट आठ मिमीची कापली. पॅनल पहिल्यांदा लागलं! चारही स्क्रू लावून दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

मग चालू केला तर हिरमोड. खोलीत ३५, ४५ वॅटची मर्यादा लावलेली, अर्धा तास गेम, आणि ८७ अंश. चौकट काढली, ८९. घातली, ८७. पेस्ट पुन्हा लावली, तेवढेच. पंख्याखाली यांना वैतागून व्यनि केला. त्यांनी एकच विचारलं, "कप्प्याच्या डाव्या हाताला काय आहे?"

डाव्या हाताला झेरॉक्स मशिन. तिची गरम हवा सोडणारी जाळी सरळ कप्प्याच्या तोंडावर. आत टोनर कागदावर पक्का करणारा फ्यूजर १८० अंशांच्या आसपास तापतो, दिवसभर चालू. रात्री बंद केलं तरी तासभर धग येत राहते. मी मोजत होतो ३५ ते बाबांच्या खुर्चीजवळ. कप्प्यात थर्मामीटर ठेवला तर ४३.

पीसी उजव्या कप्प्यात हलवला, स्टेपलरचा डबा डावीकडं. तोच गेम, तेवढाच वेळ, ७८. आवाज आहे, पण मशिन चालू असताना ऐकू येत नाही. आणि बाबांनी जुना स्टेल्थ पेपरवेट केलाय. पावतीपुस्तकं उडत नाहीत म्हणे.

@गूळपोळी, पाल सापडली. झेरॉक्स मशिनच्या मागं, त्याच धगीत शेकत बसली होती. शेपटी थोडी फुटलीय.

गूळपोळी · १९ मे, रात्री १०:०९

आता झोप लागेल.

पाव्हणा_म्युनिकचा · १९ मे, रात्री १०:३०

नऊ अंश, आणि एक पैसा खर्च न करता. मी उगाच "डोळे झाकून घ्या" म्हणालो होतो.

उद्यमनगरी · १९ मे, रात्री १०:५०

लई भारी. एक विचारतो, पावसाळ्यात काय करणार? दमट हवेत कागद आणि टोनर दोन्ही धरतात, ती धूळ फिनला चिकटून बसते, ब्लोअरनं निघत नाही.

रुईचा_कण · १९ मे, रात्री ११:०५

फॅन सोडवून मऊ रंगाचा ब्रश, फिनच्या दिशेनं, आडवा नाही. आणि ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवायचा, हवेनं गरगर फिरू द्यायचा नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी एकदा उघड. जाळी महिन्याला धू.

आत्ताच_आलो · २० मे, सकाळी ९:४०

धागा पूर्ण वाचला नाही. माझ्याकडं आय५-१२४०० आहे, छोटं कॅबिनेट. सोबतचा कूलर काढून कोणता लावू?

बारा_चारशे · २० मे, सकाळी ९:५२

आधी सोबतचाच बसतो का बघ, तो ४७ मिमीच्या आसपास असतो. नवीन घेतलास तर एलजीए १७००चा ब्रॅकेट खोक्यात आहे का ते दुकानातच उघडून बघ. जागा किती आहे?

आत्ताच_आलो · २० मे, सकाळी ९:५५

वेबसाइटवर ५० लिहिलंय.

दाढदुखी · २० मे, सकाळी १०:३०

कणीक मळा.